मावशीचा खाडा

फिटरने आयुष्यात तीनशेच्या वर प्रदर्शनं उभी केली आणि एकही पाहिलं नाही. हे ऐकून लोक हसतात, पण हसण्यासारखं त्यात काही नाही, त्या धंद्याची रीतच तशी आहे. रिबीन कापायच्या तासभर आधी मुकादम शिट्टी मारतो, की सगळ्यांनी हत्यारं उचलायची आणि मागच्या दाराने बाहेर पडायचं. मग पुढच्या दाराने पाहुणे आत. शेवटच्या दिवशी शेवटचा पाहुणा गेला की पुन्हा शिट्टी, पुन्हा तेच मागचं दार, आणि जे उभं केलं ते आडवं करायचं. ट्रॅक्टरचं प्रदर्शन असो, दातांच्या डॉक्टरांचं असो नाहीतर फरशांचं असो, खांब तेच आणि पांढऱ्या फळ्याही त्याच. घरी विचारलं, काय हो, कसं होतं प्रदर्शन, तर हा सांगणार, "जमीन बरी होती. एकच कोपरा खचलेला होता."

त्याचं खरं नाव बायकोला माहीत असावं, निदान लग्नाच्या दिवशी तरी होतं. बाकी सगळे त्याला फिटरच म्हणत. वय चोपन्न. तीस वर्षं मान वर करून बोल्ट आवळल्यामुळे मान कायमची किंचित मागे गेलेली, त्यामुळे नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ आपल्याला तुच्छ लेखतोय. बिचारा कुणालाच तुच्छ लेखत नव्हता. त्याला फक्त झोप हवी असायची.

त्याची थोरली बहीण, अक्का, त्याच्याहून बारा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून आई तीच, बाप तीच आणि वेळप्रसंगी छडीही तीच. एका मोठ्या कचेरीत तिने एकतीस वर्षं झाडलोट केली. साहेबलोक नऊला यायचे, त्याच्या आत चार मजले लख्ख व्हायला हवेत आणि नऊच्या ठोक्याला मस्टरवर सही पडायला हवी. सही नसली की खाडा. खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली, आणि महिन्यात तीन खाडे झाले की माणूसच गेलं. अक्काच्या एकतीस वर्षांत एक खाडा नाही. हे ती कुणाला सांगायची नाही, पण फिटर सांगायचा, आणि सांगताना मान आणखी मागे जायची.

त्या कचेरीत एका कारकुनाला चित्रकथांचा भारी नाद. साहेबाची नजर चुकवून वाचायचा आणि वाचून झालं की कचऱ्याच्या टोपलीत टाकायचा. अक्का ते अंक ओल्या फडक्याने पुसून घरी आणायची. फिटर तेव्हा दहा वर्षांचा. संध्याकाळी अक्का गरम पाण्यात पाय सोडून बसायची आणि हा मोठ्याने वाचायचा. कारकुनाच्या कृपेने तऱ्हेतऱ्हेचे अंक घरात आले, पण दोघांचा जीव जडला तो एकावरच. 'सातवा जिना'.

गोष्ट अशी. एका जुन्या इमारतीला सहा जिने आहेत. पण तिथे झाडणाऱ्या मावशीला सातवा दिसतो. बाकी कुणाला दिसत नाही, कारण बाकी कुणी कोपऱ्यात बघतच नाही. मावशी बादली आणि झाडू घेऊन तो जिना चढते आणि दर अंकात वर काहीतरी वेगळंच निघतं. कधी उलटा वाहणारा समुद्र, कधी बोलक्या छत्र्यांचं गाव, कधी एक राजा, ज्याला सातशे वर्षांत कुणी खोली झाडून दिलेली नाही. मावशी सगळ्यांना सरळ करते, झाडून-पुसून घेते आणि नऊच्या आत खाली येते. शेवटच्या चौकटीत नेहमी मस्टर आणि त्यावर तिची वेडीवाकडी सही. ती सही दिसली की अक्का म्हणायची, "चला, पोचली बाई वेळेवर." दोघांचा जीव भांड्यात पडायचा.

या अंकांवर नंबर नसायचे. लेखकाचं म्हणणं असं, की जिन्याला कुठे नंबर असतो? दुकानदार वैतागायचे, वाचक गोंधळायचे, आधीचा कोणता आणि नंतरचा कोणता हे कुणालाच कळेना. ते कोडं सोडवलं अक्काने. एके दिवशी पाय पाण्यात ठेवून ती म्हणाली, "अरे, तिची बादली बघ. दर अंकात एक नवा पोचा पडलाय. बादली आपटली की पोचा पडतो, तो काही भरून येत नाही." फिटरने सगळे अंक जमिनीवर पसरून पोचे मोजले, आणि काय सांगू, माळेत मणी ओवावेत तसे अंक ओळीने लागले. जन्म बादल्या उचलण्यात गेलेल्या बाईलाच ते दिसायचं.

एकेचाळीस पोच्यांपर्यंत अंक आले आणि बंद पडले. त्या शेवटच्या अंकात मावशी जिना चढते, वरचं दार उघडते, आत पाऊल टाकते आणि संपलं. ना मस्टर, ना सही. फिटर तेव्हा चौदा वर्षांचा होता. पुढच्या महिन्यात त्याने रोज विचारलं, अंक आला का? अक्का रोज टोपल्या शोधून यायची. मग कारकुनाची बदली झाली, फिटर कामाला लागला, लग्न झालं, लेक झाली, अक्काचे गुडघे गेले. पण दोन-चार वर्षांतून एकदा, दिवे गेलेले असताना किंवा असंच बसल्या बसल्या, अक्का एकदम म्हणायची, "काय रे, ती परत आली असेल का?" आणि फिटर म्हणायचा, "आलीच असणार. तिचा कधी खाडा झालाय?" त्यावर अक्का दुसराच विषय काढायची.

आणि मग, चाळीस वर्षांनी, फिटर ज्या हॉलमध्ये खांब उभे करायचा त्याच हॉलमध्ये चित्रकथांचं प्रदर्शन लागलं. दोन दिवसांचं. नकाशा हातात आला तेव्हा फिटर सवयीप्रमाणे खांब मोजत होता आणि मोजता मोजता थांबला. सतरा नंबरचा स्टॉल, 'सातवा जिना'. जुने अंक पुन्हा छापलेत, लेखक आणि चित्रकार बाई, दोघंही पहिल्या दिवशी बारा ते तीन सह्या देतील.

घरी सांगितलं तर अक्का उठूनच बसली. "मी काही येत नाही, माझ्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय. पण तू जा. पुढच्या दाराने जा. आणि त्या बाईला एवढंच विचार, परत आली का? सही-बिही काही नको मला."

लेकीने फोनवर तिकीट काढून दिलं. "बाबा, तुम्ही पाहुणे आहात, लक्षात ठेवा. कुठे हात लावायचा नाही." फिटर म्हणाला, "छे, छे." लेकीने बायकोकडे पाहिलं, बायकोने छताकडे.

आता इथे फिटरने एक गाढवपणा केला, तो सांगायलाच हवा. उभारणीच्या वेळी बोल्ट कमी पडले. नेहमीच पडतात. स्टॉलच्या कपाळावर जी नावाची आडवी फळी असते, तिला दोन्ही टोकांना दोन-दोन बोल्ट लागतात. फिटरने सतरा नंबरला पुरते चार लावले, वर आणखी दोन लावले, फळी हलवून पाहिली, मायेने पुसली. आणि ते जास्तीचे बोल्ट आले कुठून? शेजारच्या सोळा नंबरमधून. त्याला उरले दोन, एका टोकाला एक. तीस वर्षांत असलं काम त्याने केलं नव्हतं. पण मनात म्हणाला, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, आणि पुढच्या खांबाकडे गेला.

सकाळी शिट्टी झाली. घरी जाऊन अंघोळ केली, दोन तास डोळा लागला न लागला तोच बायकोने उठवलं. इस्त्रीचा शर्ट घातला. अक्काने तो शेवटचा अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला आणि दारापर्यंत भिंतीला धरून आली. फिटरचं अंग असं ठणकत होतं, की कुणी म्हणालं असतं, राहू दे, झोप, तर तो तिथल्या तिथे आडवा झाला असता. पण कुणी म्हणालं नाही.

पुढच्या दारावरचा रखवालदार त्याला पंधरा वर्षं ओळखत होता. "काय फिटर, वाट चुकलास? कामगारांचं दार मागे." फिटरने तिकीट दाखवलं. रखवालदाराने ते उलटंसुलटं करून पाहिलं, मग त्याला यंत्राच्या चौकटीतून जायला सांगितलं. यंत्र किंचाळलं. खिशात पाना. इस्त्रीच्या शर्टाबरोबर, धुतलेल्या पँटच्या खिशात, पाना! कधी घातला ते त्यालाच आठवेना. "पाना घेऊन आलेला पाहुणा पहिल्यांदाच बघतोय," रखवालदार हसून म्हणाला आणि ओळखीचा म्हणून सोडलंन.

आत गर्दी म्हणजे गर्दी. पोरं पंख लावून, शेपट्या लावून, तोंडं निळी करून हिंडत होती. फिटरने हे सगळं पाहिलं असं म्हणवत नाही. तो बघत होता सांधे. हा खांब ओळंब्यात आहे, ती फळी फुगलीय, त्या दिव्याची वायर कुणीतरी गाढवाने पायात सोडलीय. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते उगाच नाही. तेवढ्यात मुकादमाने त्याला पाहिलं.

"अरे, देवासारखा भेटलास! ती व्यासपीठावरची कमान कलतेय, आणि ड्युटीवरचे दोघं जेवायला गेलेत."

"मी आज सुट्टीवर आहे," असं फिटर म्हणाला. म्हणजे मनात म्हणाला. तोंडातून आलं ते, "शिडी कुठाय?"

कमान झाली. मग एक भलेमोठे पंख लावलेला गरुड दोन स्टॉलच्या मधे असा अडकला, की ना पुढे ना मागे. एक फळी काढून त्याला मोकळा केला, फळी परत बसवली. मग कुणाचा पडदा, कुणाचं दार. मुकादम प्रत्येक वेळी म्हणे, "एवढं एकच." फिटरने घड्याळ पाहिलं तर दोन वाजायला आलेले. पाना खिशात कोंबून तो सतरा नंबरकडे धावला.

रांगेत पुढे चाळीसेक माणसं होती. मागे एक रोबो येऊन उभा राहिला, पुठ्ठ्याचा. आतून घामाघूम आवाज आला, "काका, ही रांग बाईंचीच ना?" फिटर हो म्हणाला आणि पिशवीतला अंक छातीशी धरून उभा राहिला. रांग मुंगीसारखी सरकत होती. पाय भरून आले होते, डोळे मिटत होते. एकदा तर तो उभ्या उभ्या पेंगलाही, आणि रोबोने त्याला हळूच ढकलून पुढे सरकवलं. पण आता बाई दिसायला लागल्या होत्या. बारीकशा, पांढऱ्या केसांच्या, मान खाली घालून सह्या करणाऱ्या. शेजारी लेखक, चकचकीत टक्कल आणि अखंड बडबड. फिटर मनात वाक्य घोळवत होता. 'बाई, आमच्या अक्काने विचारलंय.' नको, 'नमस्कार, आमची अक्का म्हणून आहे.' सोपं वाक्य, पण सारखं मोडत होतं.

पुढे सातजण राहिले तेव्हा त्याची नजर वर गेली. जायला नको होती. सोळा नंबरची कपाळावरची फळी एका टोकाला बोटभर उतरली होती.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण हे विघ्न फिटरने स्वतःच्या हाताने लावलेलं होतं. त्याने नजर काढली. बाईंकडे पाहिलं. सहाजण राहिले. परत वर पाहिलं. फळी आता दोन बोटं उतरली होती आणि खाली एक बाई तान्ह्या मुलाला खांद्यावर घेऊन पुस्तकं चाळत होती. कुणाला सांगावं तर ड्युटीवरचे येईपर्यंत काय होईल सांगता येत नाही. आणि सांगणार काय? बोल्ट मीच काढलेत म्हणून?

"बेटा, माझी जागा धर," तो रोबोला म्हणाला आणि गेला.

त्याने आधी त्या बाईला बाजूला केलं, मग फळीला खांदा दिला. एका हाताने फळी, एका हाताने पाना. बोल्ट होता कुठे? ओरडून मुकादमाला बोलावलं, बोल्ट मागवले, चारच्या चार बसवले. शर्टाची इस्त्री गेली, काखेत उसवला, खांद्यावर काळा पट्टा उमटला. पंचवीस मिनिटं गेली. परत आला तेव्हा रांगच नव्हती. टेबलासमोर दोरी बांधलेली आणि एक कार्यकर्ती सगळ्यांना सांगत होती, "बाईंचा हात सुजलाय. सह्या बंद झाल्या."

रोबो डोक्यावरचं खोकं काढून उभा होता. आत चांगला चाळिशीचा गृहस्थ निघाला. "काका, मी सांगितलं हो त्यांना, की एकजण आहेत म्हणून. पण माझ्यानंतर त्यांनी पेनच ठेवलं." आणि तो इतका ओशाळला होता, की फिटरलाच त्याची समजूत घालावी लागली.

घरी जावं, असं फिटरला वाटलं. मनापासून वाटलं. पण घरी गेलं की अक्का विचारणार. तो एका खांबाला टेकून खाली बसला आणि सहा वाजेपर्यंत बसून राहिला. मधे झोपही लागली असावी. जाग आली ती कुणीतरी बोलत होतं म्हणून.

"अहो मिस्त्री, जरा हात लावता का? ही पुस्तकं तेवढी खोक्यात भरायची आहेत."

लेखक होता. समोर काळ्या पट्ट्याचा शर्ट आणि खिशातून डोकावणारा पाना, दुसरं कोण समजणार तो? हॉल रिकामा होत आला होता. चित्रकार बाई खुर्चीत मागे रेलून, उजवा हात मांडीवर उलटा ठेवून, डोळे मिटून बसल्या होत्या. फिटरला सांगावंसं वाटलं, अहो, मी तिकीट काढून आलोय. पण हात एव्हाना पुस्तकांकडे गेलेसुद्धा होते. त्याचं त्यालाच हसू आलं, आणि रडूही.

टेबलावर दिवसभराच्या उलाढालीत अंकांचा पार पाचोळा झाला होता. फिटर एकेक उचलायचा, मुखपृष्ठावर नजर टाकायचा आणि ठेवायचा. हा बाराचा, हा तेराचा, छत्र्यांचं गाव विसाचं. एक खोकं भरलं, दुसरं घेतलं. मान वर केली तर बाई डोळे उघडून त्याच्याकडे बघत होत्या.

"तुम्ही ओळीने लावताय," त्या म्हणाल्या.

"हो. मग उद्या काढायला बरं."

"त्यावर नंबर नाहीत."

"पोचे आहेत की."

"कसले पोचे?" लेखक म्हणाला.

बाई ताठ बसल्या. फिटरने दोन अंक शेजारी धरून दाखवले. ही बादली, हे नऊ पोचे, ही बादली, हे दहा. लेखकाने चष्मा लावला, काढला, परत लावला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या माणसाने ती गोष्ट लिहिली, त्याला हे आज कळत होतं. "तू मला कधी बोलली नाहीस!" तो बाईंना म्हणाला. बाई म्हणाल्या, "तुला नंबर नको होते ना? मला माझा हिशोब नको का? मला वाटलं, कुणाला कळायचं नाही." मग फिटरकडे वळून, "तुम्ही शोधलंत?"

"मी नाही. आमच्या अक्काने."

आणि मग ते मोडणारं वाक्य आपोआप आलं. अक्का, कचेरी, कारकून, टोपली, पाण्यात सोडलेले पाय, सगळं आलं. पिशवीतला अंक त्याने टेबलावर ठेवला. कडा पिवळ्या पडलेल्या, पण एकही पान दुमडलेलं नाही. "सही नकोय बाई, तुमचा हात दुखतोय. अक्काने एवढंच विचारलंय, मावशी परत आली का?"

लेखकाने घसा साफ केला. "त्याचं असं आहे, तो शेवट आम्ही मुद्दाम खुला ठेवला होता. वाचकाने आपापल्या—"

"काही मुद्दाम नाही," बाई म्हणाल्या. "महिन्याला बत्तीस पानं काढत होते मी. दिवसा शाळेत शिकवायचे, संध्याकाळी घरचं, आणि मग ही पानं. त्या दिवशी दार काढलं, तिचं एक पाऊल आत काढलं आणि हात उचलेना. म्हटलं, मस्टर उद्या काढू. उद्या काही काढलं गेलं नाही. थकले होते हो मी. आली का नाही, मला माहीत नाही. तिच्यामागे जाण्याइतका जीवच उरला नव्हता."

फिटरला राग आला. खोटं कशाला बोला? चाळीस वर्षं एका माणसाने वाट बघायची, आणि उत्तर काय, तर थकले होते. पण तो राग धरताच येईना. बाईंचं सुजलेलं मनगट समोर होतं, आणि थकणं म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सांगा ना आली म्हणून," लेखक हलक्या आवाजात म्हणाला. "नऊच्या आत आली, सही केली. वयस्कर बाई आहेत, बरं वाटेल त्यांना. काय बिघडतं?"

बाईंनी डोळे पुन्हा मिटून घेतले. फिटरला मात्र ते पटलं. त्याने खोकी चिकटपट्टीने बंद केली, नमस्कार केला आणि निघाला.

घरी पोचला तेव्हा अक्का पलंगावर उशाशी दिवा लावून बसली होती. चहासुद्धा न घेता बसली आहे, असं बायकोने खुणेने सांगितलं. फिटर तसाच, बूट न काढता, पलंगाच्या कडेवर टेकला.

"भेटल्या?"

"भेटल्या. पोच्यांचं सांगितलं तर चाटच पडल्या. लेखकाला पत्ताच नव्हता!"

अक्का गालात हसली. "आणि?"

"आली म्हणाल्या. नऊच्या आत खाली. मस्टरवर सही. खाडा नाही."

हे सांगून तो अक्काच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला, की आता फुलेल, मग फुलेल. अक्काने नजर खाली घातली. पांघरुणाची कड मुठीत धरली. मग म्हणाली, "कशाला आली?"

"म्हणजे? नऊ वाजले ना."

"मेलं ते नऊ!" अक्का इतक्या जोरात म्हणाली, की बायको आतून डोकावली. "एकतीस वर्षं मी त्या मस्टरवर सही केली. ताप अंगात असताना केली. तुझ्या लग्नाच्या दिवशी चार मजले झाडून मग मांडवात आले, आठवतंय? एक खाडा नाही म्हणून तू जगाला सांगत फिरतोस, तुला वाटतं मला फार अभिमान आहे त्याचा. मला वाटायचं, एक तरी बाई गेली. वर गेली, दार उघडलं आणि गेली, बसा म्हणावं बोंबलत मस्टर घेऊन. रोज पहिल्या मजल्यावर झाडू टेकला की मी मनात म्हणायचे, ती सुटली हं. आणि तू सांगतोस, आली."

चाळीस वर्षं ती विचारत होती, आणि चाळीस वर्षं फिटर तिला तेच एक उत्तर देत होता, नको असलेलं. आपल्या माणसाचं एवढंसुद्धा कळलं नाही आपल्याला, म्हणून त्याला स्वतःची लाज वाटली.

"अक्का, मी खोटं बोललो," तो म्हणाला. "तसं काही नाही म्हणाल्या त्या. त्यांनी दार काढलं, मावशीचं पाऊल आत काढलं आणि त्यांचा हात चालेना. थकल्या होत्या. पुढचं त्यांनी काढलंच नाही."

अक्काने मान वर केली. "मस्टर काढलंच नाही?"

"नाही."

"मग वरच आहे ती?"

"वरच आहे."

"खाली बोलवायला कुणी गेलं नाही?"

"कुणाच्यात जीवच नव्हता."

अक्का थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिली, हा पुन्हा खोटं तर बोलत नाही ना म्हणून. मग तिने हळूहळू पाय पसरले, उशी सारखी केली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

"बरं झालं," ती म्हणाली. "राहू दे तिला तिथंच."

बायकोने आतून जेवायला हाक मारली. फिटर हो म्हणाला, पण त्याच्याने उठवेना.